सिंकवरच्या पाण्याच्या पिशव्या

काकांनी लॅबचं दार आतून लावून घेतलं तेव्हाच मला संशय आला. त्याआधी ते दार लागलेलं मी कधी बघितलंच नव्हतं. दोन्ही फळ्या उघड्या, मध्ये स्टूल, स्टुलावर काका पेपर वाचत, असंच रोज. आणि त्या गुरुवारी मी झाडू नि घमेलं घेऊन वर गेले तर दार बंद, आणि आतून काचेच्या बाटल्या एकमेकींना लागल्यासारखा आवाज.

मी लगेच ठोठावलं नाही. उभी राहून ऐकत राहिले. मला सवयच आहे तशी. आमचे हे म्हणतात तू पोलिसात जायला पाहिजे होतीस, भाजीवाल्याच्या काट्यावर पण तुझा विश्वास नाही. नाहीच आहे. खरवईला रूम बघायला आलो तेव्हा एजंट म्हणाला होता चोवीस तास पाणी, आणि राहायला आल्यावर कळलं की आठवड्याचे मिळून चोवीस तास. तेव्हापासून कुणी गोड बोललं की मी आधी त्याच्या हातांकडे बघते, हा लपवतोय काय.

मी तिथे काय करत होते ते आधी सांगते. आमचे हे प्लंबर आहेत. उल्हासनगर कॅम्प पाचला एक शेठ आहे, कॉन्ट्रॅक्टर, त्याच्याकडे हे कामाला. शेठने एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबचं काम घेतलं होतं, दुसऱ्या मजल्यावर, एमएस्सीची मोठी पोरं तिथे शिकतात. जुने ओटे फोडायचे, खालचे पाइप काढायचे, सगळं नवीन बसवायचं. युनिव्हर्सिटीची कमिटी बघायला येणार होती म्हणून सगळी घाई, सगळ्यांच्या पायाला चाकं. फोडायच्या आधी लॅब रिकामी करायची, कचरा उचलायचा, पुसायचं, त्याला एक बाई पाहिजे होती. ह्यांनी माझं नाव सांगितलं. मी सातवी पास, आठवीत दोन महिने गेले नि मग शाळा सुटली, मला कुठे दुसरं काम मिळणार. पोरगी चौदा महिन्यांची, अजून अंगावर पीत होती, तिला सासूबाईंकडे ठेवायचे नि ह्यांच्या बाइकवर बसून यायचे.

पहिल्याच दिवशी घरी गेले तर पोरीने मला तोंड लावलं नि लगेच मान फिरवली. लॅबचा वास असणार माझ्या अंगाला. मी घाबरले. त्या दिवसापासून आधी आंघोळ, मग पोरगी, असं करायला लागले, तरी पाजताना तिच्या तोंडाकडे बघत बसायचे, ओठ निळे तर पडत नाहीत ना. सासूबाई म्हणाल्या काय वेडी आहेस. असेन.

आता काका. काका म्हणजे लॅबमध्ये सामान काढून देणारे, जन्म तिथेच गेला त्यांचा, रिटायर व्हायला थोडेच महिने राहिलेले. माणूस मवाळ. मला पंख्याखाली बसवायचे, पोरीसाठी रोज बिस्किटाचा पुडा द्यायचे. हे पण मला खटकायचं, रोज कशाला देतात.

तर मी शेवटी ठोठावलं. बऱ्याच वेळाने काकांनी दार उघडलं, डोळे लाल, खोकत होते. ओट्यावर दहा-बारा तपकिरी बाटल्या, कुणाचं लेबल फाटलेलं, कुणाचं पार पुसलेलं. सकाळी जुनं केमिकल न्यायला गाडी आली होती हे मला माहीत होतं, हातमोजे घातलेली माणसं यादी बघून बघून एकेक बाटली खोक्यात भरत होती. ज्यांच्यावर नावच नाही त्या त्यांनी घेतल्या नाहीत. मॅडम काकांना सांगून गेल्या होत्या म्हणे की त्या बाजूला ठेवा, मी आल्यावर बघते. मॅडम म्हणजे त्या लॅबच्या मोठ्या मॅडम, कामाच्या कागदावर सही त्यांची लागायची. पण त्या दोन दिवस कुठल्या मीटिंगला गेलेल्या, आणि शनिवारी खोली रिकामी करून द्यायची होती. काकांना वाटलं असणार, ह्या बारा बाटल्यांसाठी अख्खं काम अडेल.

माझ्यासमोर त्यांनी उरलेल्या बाटल्या सिंकमध्ये ओतल्या. एकेक करून, चारही सिंकमध्ये वाटून. मग नळ सोडला तर नळातून नुसती हवा. आदल्याच दिवशी आमच्या ह्यांनी त्या मजल्याचं पाणी बंद केलं होतं, पाइप काढायचे म्हणून. काका म्हणाले असू दे, नंतर पाणी सोडू. मी विचारलं काय होतं बाटल्यांत. म्हणाले, जुनं आहे गं बाळा, उडून जाईल आपोआप.

कुणाला सांगू नको, असं काही ते म्हणाले नाहीत. तसं म्हणाले असते तर मी नक्की कुणाला तरी सांगितलं असतं. ते काहीच बोलले नाहीत, रिकाम्या बाटल्या गोणीत भरल्या आणि पुन्हा स्टूल ओढून दारात बसले, म्हणून मलाच वाटायला लागलं की हे रोजचंच असेल, आपल्याला काय कळतंय.

रात्री जेवताना ह्यांना बोलले मी. म्हटलं आज काकांनी बाटल्या ओतल्या सिंकमध्ये. हे मोबाइल बघत होते, म्हणाले मग लॅबच्या सिंकमध्ये नाही ओतणार तर काय आपल्या मोरीत ओतणार. सासूबाई हसल्या.  नळाला पाणी नव्हतं हे सांगायचं माझ्या ध्यानातच आलं नाही, आणि ह्यांना पण पाणी आपणच बंद केलंय हे तेव्हा आठवलं नाही.

शुक्रवारी लॅबमध्ये पाय ठेवला तर डोकंच गरगरलं. असा वास की काय सांगू, नेलपेंट काढायचं पाणी असतं ना त्याचा, त्यात पेट्रोल मिसळल्यासारखा, आणि मध्येच कुठेतरी पिकून सडलेल्या अननसाचा. मिस्त्री आला, मिस्त्री म्हणजे शेठचा माणूस, सगळ्यांचं काम तोच बघायचा. तो दारातूनच मागे फिरला. मला म्हणाला, वहिनी, उद्या मॅडम येणार खोली बघायला, वास आला तर सही नाही करणार, आणि सही नाही तर रविवारी कटर लावता येणार नाही, काहीतरी करा बाबा. आणि जाता जाता म्हणाला अगरबत्ती लावा दोन-चार.

मी काडेपेटी शोधली. मिळाली नाही. खाली वॉचमनकडे पण नव्हती, तो म्हणाला मी तंबाखूवाला, माझ्याकडे कुठली काडेपेटी. काडेपेटी मिळाली नाही, एवढंच. 

मग मी खिडक्या उघडल्या, जमीन दोनदा पुसली, तरी वास जाईना. वाकून वाकून हुंगत फिरले तेव्हा कळलं वास येतोय तो सिंकच्या भोकांतून आणि खाली कोपऱ्यात पाणी जायची जाळी आहे तिथून. म्हटलं मग सोपं आहे. आमच्या घरी मोरीच्या जाळीवर आम्ही काय ठेवतो, प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून गाठ मारतो आणि ती पिशवी जाळीवर बसवतो. पाण्याच्या वजनाने ती अशी चपखल बसते की झुरळ नाही वर येत नि गटाराचा वास नाही. आमच्या चाळीत सगळ्यांच्या मोरीत आहे, सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिल्या आठवड्यात शिकवलेलं हे.

टाइल्सच्या सामानाबरोबर आलेल्या जाड पिशव्या होत्या, दुहेरी केल्या. खालच्या नळावरून बादल्या भरभरून दोन मजले चढले. पाच पिशव्या, चार सिंकवर नि एक जाळीवर. तासाभरात वास गेला. म्हणजे कसा गेला, होता की नव्हता असा. मिस्त्री येऊन लांब श्वास घेऊन म्हणाला, वहिनी, मानलं तुम्हाला. काका पण म्हणाले हुशार आहेस हो. मी खूश झाले. खोटं कशाला बोलू, मी खूप खूश झाले, इतक्या शिकलेल्या लोकांच्या जागेत माझी युक्ती चालली. दोन मजले वर पाणी आणलं ते पिशव्या भरायला. त्यातलं एक तांब्याभर सिंकमध्ये ओतावं असं डोक्यात आलं नाही.

शनिवारी मॅडम आल्या. हातात फायलीचा पुठ्ठा, त्यावर कागद, कागदावर चौकोन, एकेका चौकोनात खूण करत चाललेल्या. कपाटं उघडून बघितली, बटणं बघितली, गॅसची नळी बघितली. मला त्यांची भीती वाटायची. फार कमी बोलायच्या आणि बोलताना सरळ डोळ्यांत बघायच्या, मला वाटायचं ह्या काहीतरी शोधतायत. सिंकजवळ आल्या, म्हणाल्या हे काय. काका पटकन म्हणाले, झुरळं येतात मॅडम, म्हणून. मॅडम थोडंसं हसल्या, म्हणाल्या आमच्याकडे पण ठेवते आई. आणि पुढे गेल्या. पिशवी उचलून बघितली नाही.

मग मध्येच थांबून त्यांनी विचारलं.

“त्या नाव नसलेल्या बाटल्या कुठायत? सिंकमध्ये काही ओतलं नाही ना कुणी?”

काका म्हणाले दुसऱ्या लॅबच्या कपाटात ठेवल्यात, किल्ली क्लार्ककडे आहे, तो सोमवारी येईल. एवढं लांबलचक खोटं त्यांनी एका दमात सांगितलं, जसं पाठ केलेलं. मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. बघतच राहिल्या.

आणि मी झाडूकडे बघत राहिले. का, ते सांगते. मला वाटलं ह्या पकडायला आल्यात. आज काका, उद्या मी, परवा माझ्यामुळे आमचे हे, आणि शेठला काय, दहा प्लंबर मिळतील. मोठी माणसं एखादी गोष्ट विचारतात तेव्हा त्यांना उत्तर नको असतं, नाव पाहिजे असतं, असं मला तेव्हा अगदी पक्कं वाटायचं. मला एकदाही वाटलं नाही की ह्या बाईला खरंच काळजी असेल, उद्या त्या ओट्याखाली कोण झोपून काम करणार आहे त्याची. आणि झोपणार होता माझाच नवरा.

मॅडमनी वाकून वास घेतला, इकडे तिकडे. मग सही केली.

रविवारी सासूबाई कुळगावला नात्यातल्या कुणाच्या तरी बारशाला गेल्या, म्हणून पोरीला घेऊनच आले. कॉलेज सगळं रिकामं, नुसते आम्ही, मिस्त्री नि खाली वॉचमन. काम असं होतं की ओट्याखालून भिंतीच्या कडेने सांडपाण्याचा एकच मोठा पाइप जातो, बीडाचा, जुना, काळा, जड. चारही सिंक त्यालाच जोडलेले. तो कटरने कापून तुकडे करून काढायचा. कटर म्हणजे हातातली मशीन, चाक फिरतं नि ठिणग्या उडतात, दिवाळीत भुईनळा आडवा झाला तर कशा उडतील तशा. ह्यांनी चष्मा लावला, ओट्याखाली आडवे सरकले, बाहेर नुसते पाय. मिस्त्री कॉरिडॉरमध्ये एक्स्टेन्शनचा बोर्ड ठेवून प्लग लावत होता आणि त्याचा फोनवर शेठशी हिंदीतून वाद चाललेला, शेठ म्हणत होता आज के आज निकालो.

मी पोरीला कडेवर घेऊन दारातच होते. लॅबमध्ये तिला न्यायचं नव्हतं मला. पण माझी नजर दाराजवळच्या सिंककडे गेली तर तिथली पिशवी बसलेली, चपटी, गळून गेलेली. म्हटलं ही काढून टाकू, आता तसाही सिंक फुटणार. दोन पावलं आत गेले आणि पिशवी उचलली.

ते भोकातून भसकन वर आलं. दिसलं काही नाही, नुसता वास, पण शुक्रवारच्यापेक्षा किती तरी जास्त, नाकातून थेट कपाळात. पोरगी एकदम खोकली नि माझ्या खांद्यात तोंड खुपसून रडायला लागली. आणि मला त्या क्षणी सगळं एकामागोमाग दिसलं, काका ओततायत, नळातून हवा येतेय, मी पिशव्या ठेवतेय, मॅडम हसून पुढे जातायत. काही उडून गेलं नव्हतं. ते सगळं तीन दिवस त्या पाइपात बसलं होतं आणि मीच वरून बूच लावलं होतं. आणि त्याच पाइपाला टेकून हे.

 ओरडून सांगायचं सुचलंच नाही. मी पळत कॉरिडॉरमध्ये आले आणि मिस्त्रीच्या पायाजवळचा प्लग ओढून काढला. वायर हातात गुंडाळली.

आतून ह्यांचा आवाज, लाइट गेली काय. मिस्त्री फोन कानाला तसाच लावून माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला वहिनी, पोरीच्या हातात लागली का वायर, द्या इकडे. मी मागे सरकले. धाप लागलेली, पोरगी रडतेय, मी नुसती मान हलवतेय नाही नाही. हे बाहेर आले, चष्मा कपाळावर, तोंडावर धूळ. बायको कामावर येऊन तमाशा करतेय हे त्यांना आवडलं नाही, ते दिसलंच.

“लाव तो प्लग,” म्हणाले.

“नाही लावणार.”

“अगं काय झालं काय?”

मग मी बोलले. कसं बोलले माहीत नाही, उलटं सुलटं, आधी पिशव्या मग बाटल्या. नळाला पाणी नव्हतं म्हटल्यावर ह्यांचा चेहरा बदलला. मला कळलं की ह्यांना आठवलं, पाणी कुणी बंद केलं आणि गुरुवारी जेवताना मी काय सांगत होते. मिस्त्री मात्र मानायला तयार नाही. तो आत जाऊन पाइपाजवळ बसून हुंगून आला, म्हणाला काही नाहीये, ह्या पाइपाला शंभर वर्षं झाली, सगळे असेच कापतात, आणि कागदावर सही आहे, मॅडम काय आपल्यापेक्षा अडाणी आहेत? मला म्हणाला, वहिनी, तुम्ही घरी जा, पोरीला भूक लागली असेल.

मी त्याला म्हटलं, “भाऊ, तो वास मीच घालवला होता. तुम्हीच शाबासकी दिली होती ना मला.”

 त्याचा हात वायर मागायला पुढेच होता.

दाराला एक इंग्लिश कागद चिकटवलेला होता, त्यावर काय लिहिलंय मला वाचता येत नव्हतं, खाली मॅडमचा नंबर होता, काकांनी सांगितलेला, तो येत होता. मी पोरीला ह्यांच्याकडे दिली आणि फोन लावला. दोनदा चुकीचा लागला. मिस्त्री म्हणाला करू नका वहिनी, शेठ मला ठेवणार नाही. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पोरीला थोपटत खिडकीजवळ जाऊन उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून. कर म्हणाले नाहीत, नको पण म्हणाले नाहीत.

मॅडम अंबरनाथला राहायच्या. रिक्षाने आल्या, डोक्याला तेल, घरचाच ड्रेस, पायात स्लिपर. फोनवरच त्यांनी सांगितलं होतं, सगळे खाली जा, बटणाला हात लावू नका, मोबाइल घेऊन कुणी आत जायचं नाही. वर जाऊन त्या एकट्याच दारातून डोकावून आल्या. खाली आल्या तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं आता मला ओरडणार. तर त्या वॉचमनच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या मी पिशवी उचलून बघायला पाहिजे होतं. दोनदा म्हणाल्या.

मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, काल का नाही बोललात?

मी म्हटलं, “तुम्ही विचारलंत तेव्हा मला वाटलं तुम्ही कुणाला तरी पकडायला आलायत.”

 आजपर्यंत मला माहीत नाही त्यांना राग आला होता की दुसरं काही. काकांना त्यांनी फोन करून बोलावलं. काका जवळच राहायचे, चालत आले, रविवार म्हणून पांढरा झब्बा घातलेला, आणि हातात काय तर बिस्किटाचा पुडा, पोरगी आलीय असं वॉचमनने सांगितलं असणार. पुडा त्यांनी पोरीच्या हातात दिला. मॅडमनी विचारलं तर म्हणाले छे, मी नाही ओतलं, कपाटात आहेत म्हटलं ना. आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, धमकी नाही, विनवल्यासारखं बघितलं. त्यांची थोडी नोकरी राहिलेली, पेन्शन, हे सगळं त्या नजरेत.

माझ्याच्याने वर बघवेना. मी पुड्याकडे बघत म्हटलं, काका, चार बाटल्या माझ्यासमोर ओतल्यात तुम्ही, शेवटची त्या कोपऱ्यातल्या सिंकमध्ये. काका कट्ट्यावर बसले. म्हणाले, मी तीस-पस्तीस वर्षं हेच बघत आलो, सगळे ओतायचे, वर भरपूर पाणी सोडायचे, कधी काही झालं नाही. मॅडम म्हणाल्या, ह्या वेळी पाणी नव्हतं. तेवढंच.

पुढे काकांचं काय झालं मला नक्की माहीत नाही. रजेवर पाठवलं म्हणतात, कुणी म्हणतं मॅडमनीच सांभाळून घेतलं. मी विचारलं नाही, मला विचारायला तोंड नव्हतं.

पाइप मंगळवारी काढला. सोमवारी मॅडमनी बाहेरून केमिकलची माहिती असलेली दोन माणसं आणली, नाकाला नळकांड्यासारखे मास्क, त्यांनी पाइपातलं होतं ते आधी काढून घेतलं, भरपूर पाणी मारलं, दिवसभर दारं-खिडक्या उघड्या. मग ह्यांनी हातकरवतीने कापला, कटर नाहीच. शेठ फोनवर मिस्त्रीला आणि मिस्त्री आम्हाला ऐकवत होता, एका दिवसाचं काम तीन दिवसांवर नेलं, वहिनींच्या नाकामुळे. तरी त्याला अजून पटलं नव्हतंच. काढलेल्या पाण्यावर तेलासारखा तवंग होता, त्यात त्याने सोमवारीच गुपचूप चिंधी बुडवली आणि मैदानात मागच्या भिंतीकडे नेऊन काडी लावली. मी वरच्या खिडकीतून बघत होते. काडी चिंधीला टेकायच्या आधीच भक्क झालं. तो मागे पडला, उठला, आजूबाजूला बघितलं कुणी बघितलं का. वर आला तेव्हा एका बाजूची मिशी जळून आखडलेली. ह्यांनी विचारलं काय झालं, तर म्हणाला काही नाही, बिडी पेटवत होतो. त्यानंतर माझ्या नाकाबद्दल तो काही बोलला नाही.

त्या दोन दिवसांत हे माझ्याशी धड बोलले नव्हते. कामापुरतं, डबा दे, चल, उतर. मला कळत नव्हतं राग कशाचा, मी तमाशा केला त्याचा की त्या गुरुवारी ह्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं त्याचा. सोमवारी बाइकवरून जाताना मध्येच ह्यांनी विचारलं, तू अजून काही बघितलंयस का तिथे, जे सांगितलं नाहीस. मी म्हटलं नाही. त्यावर हे आरशातून माझ्याकडे बघत राहिले, मी दुसऱ्यांकडे बघते तसं. मला वाईट वाटलं, आणि मग वाटलं, बघू दे.

मंगळवारी संध्याकाळी पाइपाचे सगळे तुकडे खाली मैदानात नेऊन ठेवले. मी पोरीला घेऊन तिथेच नळाजवळ दिवसभर बसून होते, सासूबाईंकडे ठेवलीच नाही तिला त्या दिवशी, मलाच जवळ पाहिजे होती. हे जिन्यावरून उतरताना दिसले, शर्ट घामाने चिकटलेला, मास्क गळ्यात, दोन पायांवर चालत. पोरगी त्यांना बघून माझ्या हातातून सुटली नि दुडूदुडू निघाली. ह्यांनी वाकून हात पुढे केले. मी धावत जाऊन तिला मागे ओढलं, म्हटलं आधी हात धुवा.

मिस्त्री, वॉचमन, ती बाहेरची दोन माणसं, सगळे बघत होते. मला वाटलं आता हे चिडणार. हे नळाशी गेले, साबण घेतला, मनगटं धुतली, कोपरापर्यंत धुतलं, मग मान, मग तोंड. ओले हात तसेच पुढे धरून माझ्याकडे वळले.

“पुरे?”

मी जवळ जाऊन हात हुंगले.

“अजून एकदा,” म्हटलं.